एकोणिसाव्या पायरीवरचं पांढरं

९ तारीख, मंगळवार

कबूल करते. ही वही मला आल्या दिवशीच मिळाली होती. आत्याने हातात ठेवली आणि म्हणाली, "रोज चार ओळी. जास्त नको, कमी नको." त्याला आज अकरा दिवस झाले. पहिल्या दिवशी प्रवासाने दमले होते. दुसऱ्या दिवशी पेन सापडेना. तिसऱ्या दिवशी सापडलं, पण ते शोधताना टेबलाचा खण निखळला आणि तो बसवण्यात संध्याकाळ गेली. पुढचे दिवस कुठे गेले ते त्यांचं त्यांना माहीत.

आधी मागचं थोडं. मी बाबांच्या मोठ्या बहिणीकडे आठ दिवसांसाठी आलेय. कॉलेज दोनदा सोडून झालं, फेरीबोटीच्या कॅन्टीनमध्ये कप विसळून झाले, सफरचंदं खोक्यात भरून झाली. सायकलच्या दुकानात पंक्चर काढण्यात मी नाव कमावणार, तेवढ्यात तिथलाही कंटाळा आला. बाबा म्हणाले, "आत्याकडे जा, तिला सोबत होईल." आत्याला त्यांनी वेगळं सांगितलं असणार, कारण मी दारात पाऊल ठेवताच ती म्हणाली, "ये भिंगरी. तुझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय मला." भिंगरी हे नाव तिनेच ठेवलेलं, मी चार वर्षांची असताना. माझी सॅक तिने हाताने जोखली. "यात काय, दगड भरलेत?"

दगडच होते. जिथे जाते तिथला एक उचलते. सवय आहे.

"वा! वाऱ्यासारखं फिरायचं आणि पाठीवर डोंगर बाळगायचा."

आत्याने छत्तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. लहानपणी मी तिला पत्र पाठवलं की ते लाल शाईत न्हाऊन परत यायचं. म्हणून ही वही उघडी टाकायची मला भीती होती. काल मुद्दाम टाकून बघितली. अकरा दिवसांची कोरी पानं, निदान एक टोमणा तरी यायला हवा होता. तिने वही नुसती बाजूला सरकवली आणि तिथे चहाचा कप ठेवला. वय झालं की माणूस सभ्य होतो म्हणायचं.

चारच्या वर ओळी झाल्या. उद्याच्या आजच लिहिल्या असं धरू.

१० तारीख, बुधवार

धरता येणार नाही, कारण आज खूप झालं.

आत्याचं घर खडकाच्या डोक्यावर आहे. खालच्या रस्त्यापासून दारापर्यंत सत्तेचाळीस पायऱ्या, खडक फोडून केलेल्या. मी खालून मोजल्या, तर आत्या म्हणाली, "घर वर आहे, मोजणी वरूनच." उतरताना खडक डाव्या हाताला, उजवीकडे लोखंडी कठडा आणि त्याच्या पलीकडे उतार. जिना खडकाला वळसा घालत दोनदा डावीकडे वळतो. पायऱ्या एकीसारखी दुसरी नाही. नववी उंच, एकोणिसावी बाहेरच्या बाजूला कललेली. ज्याने जिना खोदला त्याचं रोज वेगळ्या माणसाशी भांडण होत असावं.

आठ महिन्यांपूर्वी आत्या एकोणिसाव्या पायरीवरून पडली आणि मनगट मोडलं. मनगट सांधलं, पण तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. दुकानदार सामान वर आणून देतो. टपाल खाली रस्त्यावरच्या फाटकापाशी पडून राहतं.

संध्याकाळी तिच्या मुलाचा, म्हणजे दादाचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकला. नसता तरी ऐकला असता.

"आई, मी अठ्ठावीसला येतोय. रविवारी अकरापर्यंत."

"ये की. घर तुझंच आहे."

"घराचंच बोलायचंय. हे बघ, तू फाटकापर्यंत एकटी चालत येऊन दाखव. एकदाच. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर मात्र माझ्याकडे यायचं. अकरावा मजला आहे, लिफ्ट आहे, खालीच दवाखाना."

"आणि खिडकीतून काय दिसतं?"

"समोरची इमारत."

"मग मी तिथे बसून काय, तिची प्रूफं तपासू?"

दादा हसला नाही. मी हसले, आणि स्पीकर दोन्हीकडून चालतो हे मला तेव्हा कळलं. "कोण, भिंगरी का? तू अजून आहेस तिथे?" दादा म्हणाला.

फोन ठेवल्यावर आत्या बराच वेळ दाराकडे तोंड करून बसली होती. मग म्हणाली, "हा शाळेतून यायचा ना, तेव्हा मी रोज फाटकापाशी उभी असायचे. एक दिवस चुकला नाही. आता तो मला बोलावतोय, येऊन दाखव म्हणून." आणि लगेच, त्याच दमात, "तुला झाडं लावता येतात?"

"नाही."

"छान. म्हणजे माझं ऐकशील."

तिला जिन्याच्या कडेने झाडं हवी आहेत. चार जागी चार. बाराही महिने जशीच्या तशी दिसणारी. मी म्हटलं, जिना उतरायचा प्रश्न आहे, सजवायचा नाही. ती म्हणाली, "तुला दोन्हीतलं काय जमतं ते बघू."

११ तारीख, गुरुवार

नर्सरीत गेले. फाटकापासून वीस मिनिटांचं चालणं, मला दोन तास लागले, कारण वाटेत एक माणूस छपरावरचा कोंबडा दुरुस्त करत होता. वारा दाखवणारा, पत्र्याचा. त्याला शिडी धरायला कोणी नव्हतं.

नर्सरीवाले काका प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणतात. हो असलं तरी हं, नाही असलं तरी हं. मी त्यांचं नाव हुंकारकाका ठेवलं. त्यांच्या दारावरच्या पाटीत दोन चुका आहेत. पंधरा वर्षांपूर्वी आत्याने त्या भर गिऱ्हाइकांत दाखवल्या, तेव्हापासून त्यांनी पाटीला हात लावलेला नाही. रंग उडाला की त्याच चुका पुन्हा रंगवतात. हे त्यांनीच सांगितलं, अभिमानाने.

मी आत्याची यादी वाचली. तिने तोंडी सांगितली होती, मी लिहून घेतली होती:

नवव्या पायरीपाशी, डाव्या हाताला, कोपराच्या उंचीवर: हात लागला की वास येणारं.
एकोणिसाव्या पायरीवर: पांढरं. फूल नव्हे, पानच पांढरं. चांगलं घमेल्याएवढं ऐसपैस.
सत्ताविसाव्या पायरीवर, म्हणजे दुसऱ्या वळणावर: आवाज करणारं.
शेवटी, फाटकापाशी: भिंगरीला वाटेल ते.

"आवाज करणारं झाड कुठे असतं का?" मी म्हटलं. "म्हातारपणाचे लाड."

"हं," काका म्हणाले. "फुलाचं काहीच नको?"

तेही आत्याने सांगून ठेवलं होतं. फुलणाऱ्यांचं कौतुक नको, फूल गळल्यावर काय करतात ते सांगा. पान झडून काड्या उरणारं नको. थंडीत झोपणारं नको, उन्हाळ्यात रुसणारं नको. रजा घेणारं एकही नको.

"हं," काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही किती दिवस आहात?"

मी म्हटलं, निघालेच आहे दोन-तीन दिवसांत.

१३ तारीख, शनिवार

हुंकारकाका स्वतः झाडं घेऊन वर आले. वासाची रोझमेरी, पांढरं झुडूप आणि पानं वाजवणारा ठेंगणा बांबू. पांढऱ्याची पानं लोकरीसारखी आहेत. मी त्याला म्हातारबुवा म्हणते. बांबूबद्दल काका पहिल्यांदाच अख्खं वाक्य बोलले: "हा पाहुणा म्हणून येतो आणि मालक होऊन बसतो, याला अर्ध्या पिंपातच ठेवायचा."

रोझमेरी नवव्या पायरीच्या खडकातल्या भेगेत लावली. भेग बरोबर कोपराच्या उंचीवर आहे. आत्या आठव्या पायरीपर्यंत माझा खांदा धरून आली. काकांनी पुढे केलेलं एकेक झाड तिने बोटांनी चाचपलं, कापड दुकानात तागे चाचपतात तसं.

काका म्हणाले, "पाटी अजून तशीच आहे हं, बाई."

मला वाटलं आता जुंपणार. आत्या म्हणाली, "असू दे हो. आता मला तिचा त्रास होत नाही."

काका गप्प झाले. हं सुद्धा नाही. जाताना मला फाटकापाशी थांबवून म्हणाले, "लावलेली झाडं हलवू नका. जिथे सांगितलंय तिथेच राहू द्या."

मुळांची काळजी किती या माणसाला!

१६ तारीख, मंगळवार

चौथ्या जागेसाठी काय लावायचं ते सुचत नाही. काल कोरफड ठरली होती. आज निवडुंग. दुपारी पुन्हा कोरफड. तोपर्यंत फाटकापाशी रिकामा खड्डा आहे, त्यात टपालवालीचा पाय मुरगळता मुरगळता राहिला. तिने आत्याला निरोप दिलाय की तुमची भाची मोठी कलाकार आहे.

१७ तारीख, बुधवार

आत्याला वाटतं मी नऊपर्यंत झोपते म्हणजे मला काही कळत नाही. आज तिच्या हाताला रोझमेरीचा वास होता, चहाचा कप देताना आला. मी विचारलं, तर म्हणाली, "भातात घातली थोडी." दुपारी भात जेवले. रोझमेरीचा पत्ता नव्हता.

तिचे बंद बूटही दारात ओले होते. रात्री दव फार पडतं इथे.

२० तारीख, शनिवार

एक गोष्ट लिहू की नको असं तीन दिवस चाललंय. आत्या बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाही. डाव्या कानाकडे बघते. आधी वाटलं, कानात काही असेल. दोनदा साबणाने धुतला. आज सरळ विचारलं, "आत्या, माझ्या कानात काय आहे?"

"काही नाही. एका कानाने ऐकतेस आणि दुसऱ्याने सोडतेस ना, तो दुसरा कोणता ते बघतेय."

बोलण्यात हिच्याशी कोणी जिंकेल का?

वर्तमानपत्र मीच वाचून दाखवते. आधी मथळे, मग मृत्यूच्या बातम्या, मग हवामान. "छत्तीस वर्षं बारीक अक्षरं वाचली, आता जरा दुसऱ्याचे डोळे वापरते," असं म्हणते. मी अडखळले की खूश होते. काल एका शब्दाला मी चार वेळा धडकले, तर म्हणाली, "सावकाश. पुढे पायरी आहे."

आज मी तिला म्हटलं, मंगळवारी निघेन म्हणते. तिने वर्तमानपत्राची घडी घातली. थोड्या वेळाने म्हणाली, "चौथं झाड लावून जा. खड्डा उघडा टाकून जाऊ नये."

म्हणून थांबलेय. फक्त खड्ड्यापुरती.

२३ तारीख, मंगळवार

आज मी एक भारी काम केलं!

हुंकारकाकांच्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे, त्यात एका डोंगरातल्या जिन्याचं चित्र. काळ्याभोर खडकापुढे पांढरं झुडूप. बघितलं आणि डोक्यात उजेड पडला. आपला म्हातारबुवा एकोणिसाव्या पायरीवर फुकट चाललाय. तिथे खडक फिका आहे. सत्ताविसाव्या पायरीमागचा खडक काळा कुळकुळीत. आणि एकोणिसाव्यापाशी पाण्याचा गंजका पाइप आहे, तो बांबूच्या आड छान झाकला जाईल. म्हणजे फक्त दोघांची अदलाबदल. आत्या दुपारी झोपली तेव्हा केली. बांबूचं पिंप आठ पायऱ्या वर चढवताना कंबर कामातून गेली. म्हातारबुवा तर जमिनीतच लावलेला होता, मुळांसकट उपटून आणला. काकांनी हलवू नका म्हटलं होतं, पण कलेसाठी थोडं सोसावं लागतं, झाडानेही.

फाटकापाशी उभी राहून बघितलं. काय दिसतंय म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम मी सुरू करून त्याच दिवशी संपवलं.

आत्याला सांगितलं नाही. उद्या वरून दाखवेन. बघतच राहील.

२४ तारीख, बुधवार

आज लिहायचंच.

सकाळी सातला जाग आली. रोज स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज असतो, त्याची इतकी सवय झालीये की तो नव्हता म्हणून जागी झाले. दार उघडं. बूट नाहीत. जिन्याकडे धावले.

आत्या विसाव्या पायरीवर बसली होती. कपाळावर हे एवढं टेंगूळ, तळहात खरचटलेला. माझी पावलं ऐकून तिने मान वर केली. माझ्या कानाकडे बघितलं.

"पांढरं कुठे गेलं?" तिने विचारलं.

"ते काय, आत्या. समोर, खाली. सात पायऱ्या."

आत्याने समोर बघितलं. मग जरा डावीकडे. मग उजवीकडे. माझा हात अजून तिकडेच दाखवत होता. आणि मग मला कळलं. ते लोकरीचं पांढरंधोप झुडूप, घमेल्याएवढं, उन्हात चमकत होतं, आणि तिला ते दिसत नव्हतं.

मी तिच्याशेजारी बसले. मग तिनेच सांगायला सुरुवात केली, शांतपणे. वर्ष होऊन गेलं. समोरचं मधोमध पुसलं जातं, जणू कोणीतरी ओल्या बोटाने शाई फासावी. कडेचं थोडं दिसतं. जवळचं, मोठं, पांढरं असलं तर डोळ्याच्या कोपऱ्यात येतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं राहील कदाचित, परत येणार नाही.

"म्हणून कानाकडे बघतेस."

"कानाकडे बघितलं की तोंड दिसतं. फार काही चुकत नाही माझं."

रोज पहाटे ती सराव करत होती. कठडा धरून, हळूहळू. हाताला रोझमेरी लागली, वास आला, की पुढची पायरी उंच. कडेला पांढरं दिसलं की पुढे कललेली, खडकाच्या बाजूने पाय टाकायचा. पानं वाजली की वळण. मी म्हटलं, नुसत्या पायऱ्या मोजल्या तर? "मोजल्या होत्या की. पडले तेव्हाही मोजतच होते. कोणीतरी खालून हाक मारली आणि आकडे सांडले. झाडं सांडत नाहीत."

आज ती पांढऱ्याची वाट बघत उतरली. पांढरं आलंच नाही. पानं वाजली. तिला वाटलं आपण नजरचुकीने पुढे आलो, हे वळण. ती वळली. डावीकडे, म्हणून खडकावर आपटली. उजवीकडे असतं तर...

मी रडायला लागले. आत्याने माझा गुडघा थोपटला. "मजकूर देखणा दिसावा म्हणून तू परिच्छेद इकडचा तिकडे केलास. नवशिके करतात असं. अर्थ गेला, एवढंच झालं."

"मग पायरीवर सरळ पांढरा रंग का नाही मारायचा?"

"रंगाचा पट्टा दिसला की दादा पहिल्याच पायरीवर ओळखेल. डोळ्यांचं मी त्याला सांगणार आहेच, लपवून कुठवर लपवू? पण आधी पाय दाखवेन, मग डोळे. उलटं केलं तर तो पायांकडे बघणारच नाही."

२५ तारीख, गुरुवार

दोन्ही झाडं पुन्हा आपापल्या जागी. हुंकारकाका आले, म्हातारबुवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं, काका."

"हं."

"तुम्हाला कळलं होतं?"

"बाईंना माझ्या पाटीचा त्रास होत नाही म्हटल्यावर न कळायला काय झालं!"

मला इतक्या दिवसांत कळलं नाही ते या माणसाला एका वाक्यात कळलं. मी तर कान धूत बसले होते.

म्हातारबुवाने दोन दिवसांत दोनदा घर बदललं, त्याने मान टाकलीये. पानं खाली लोंबतायत, पांढरी कुठली, ओल्या फडक्यासारखी राखाडी. काका म्हणाले, वाचेल, पण महिना लागेल. पाणी बेताने, हात लावायचा नाही. दुसरं तेवढं मोठं त्यांच्याकडे नाही.

महिना! रविवारला तीन दिवस राहिलेत.

२६ तारीख, शुक्रवार

सकाळी आत्या एकोणिसाव्यापर्यंत उतरली, मी दोन पायऱ्या मागे. ती थांबली. डोळ्याचा कोपरा इकडून फिरवला, तिकडून फिरवला. "नाही येत," म्हणाली, आणि परत फिरली. चढताना एकदाही टोमणा मारला नाही. ते मला जास्त लागलं.

दुपारी मी निघून जायचं ठरवलं. खरंच. माझ्यामुळे तिचं घर जाणार आणि दादा आला की मी कोणत्या तोंडाने समोर उभी राहू? सॅक काढली, कपडे कोंबले. उचलवेना. चार आठवडे पाठीला सवय नव्हती ना. म्हणून वजन कमी करायला दगड बाहेर काढले आणि पलंगावर मांडले. फेरीबोटीच्या धक्क्यावरचा, सफरचंदाच्या बागेतला, सायकलच्या दुकानामागच्या ओढ्यातला. कोणता कुठला ते आठवण्यात तासभर गेला. तेव्हा लक्षात आलं की निम्मे पांढरे आहेत. मी नेहमी पांढरेच उचलते की काय, कधी बघितलंच नव्हतं.

सगळे पांढरे ओटीत भरून खाली गेले. म्हातारबुवाच्या बुंध्याभोवती रचले, घमेल्याएवढा गोल. कमी पडले. मग ओढ्यावर जाऊन आणखी आणले, तीन खेपा. वाटेत छपरावरचा कोंबडावाला भेटला, शिडी धर म्हणाला. मी म्हटलं, आज नाही. तो बघतच राहिला. मलाही नवल वाटलं.

सॅक आता अगदी हलकी आहे. कधीही उचलून निघता येईल. उद्या बघू.

२७ तारीख, शनिवार

सकाळी आत्या एकोणिसाव्यावर थांबली.

"हे काय आहे?"

"दगड."

"तुझे?"

"बहुतेक."

तिने डोळ्याच्या कोपऱ्यात ते धरून ठेवले, बराच वेळ. मग खडकाच्या बाजूने पाय टाकला, बरोबर. "झाडापेक्षा बरे आहेत," ती म्हणाली. "यांना पाणी घालावं लागत नाही. आणि कोणाला उचलून न्यायची लहर आली तर पाठ मोडेल." मग पुढे सत्ताविसाव्यापर्यंत गेली. पानं वाजली, वळली. चाळिसाव्या पायरीवर मात्र दमली आणि बसली. तिथून खाली एकही झाड नाही. फाटकापाशी नुसता माझा खड्डा. "शेवट कुठे आहे तेच कळत नाही," म्हणाली. एवढ्यावर परत वर आलो.

उद्याचं ठरलंय ते असं. मी फाटकापाशी थांबायचं. दादाला तिथेच धरून ठेवायचं. मग मी वर बघून हात हलवायचा... हे बोलले आणि जीभ चावली. आत्या खो खो हसली. "हलव, हलव. मी कान बघेन तुझा." तर मग दादाने गाडीचं दार आपटलं की ती उतरायला लागेल. मी तोंडातून शब्द काढायचा नाही. हाक मारली की आकडे सांडतात.

चौथं झाड? दुपारी नर्सरीत गेले होते. कोरफड बघितली, निवडुंग बघितला. काकांनी विचारलं, नक्की काय हवंय? मी म्हटलं, लांबूनही दिसेल असं आणि हलणार नाही असं. "हं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी रिकाम्या हाताने परत.

२८ तारीख, रविवार

सव्वादहा झालेत. फाटकापाशी खड्ड्याच्या काठावर बसून लिहितेय. लिहिलं की जरा बरं वाटतं. अधूनमधून थेंब पडतायत, म्हणून माझं पिवळं जाकीट घातलंय, बोटीवर मिळालेलं. बोटीवरचे लोक म्हणायचे, ही पाण्यात पडली तरी दुसऱ्या काठावरून दिसेल.

आत्याला वर खुर्चीत बसवून आलेय. चांगले कपडे, बुटांच्या नाड्या दोनदा गाठ मारून. टेंगूळ पिवळं पडलंय. मी म्हटलं, दादाने विचारलं तर? म्हणाली, "सांगेन, भाचीने घराची मांडणी बदलली."

माझी काळजी वेगळीच आहे. चाळिसाव्या पायरीपासून खाली सात पायऱ्या. तिथे तिला काही दिसणार नाही, वास नाही, आवाज नाही. दादा समोर उभा असेल आणि ती तिथे थांबेल. थांबली की तो चार उड्यांत वर जाईल आणि हात धरेल. झालं मग. हात धरला की अकरावा मजला.

काल कोरफड घेऊन का आले नाही मी? कोणतंही चाललं असतं. मलाच एक जागा दिली होती आणि तीच

बांबू वाजला. वारा तर नाहीये.

(दहा मिनिटांनी)

पावलं ऐकली. एक, मग थांबा, मग एक. वर बघितलं. वळणावरून आत्या आली, एकटी, डावा हात खडकावर, उजवा कठड्यावर. दादाची गाडी आलेली नाही, दार आपटलेलं नाही, काही ठरल्याप्रमाणे नाही. मी तोंडावर हात दाबून धरला. जागची हलले नाही. हलायची शुद्धच नव्हती.

चाळिसाव्यावर ती थांबली. मान थोडी वळवली, डोळ्याचा कोपरा खाली फिरवला. इकडे. तिकडे. आणि माझ्यावर आणून ठेवला. मग उरलेल्या पायऱ्या उतरली, घाई नाही, थांबणं नाही, सरळ माझ्या रोखाने, आणि फाटकाच्या खांबावर हात टेकला.

"पोरगा येतोय," श्वास लागला होता तिला, "तर आई फाटकापाशी नको? परीक्षा-बिरीक्षा त्याच्या घरी." मग माझ्या कानाकडे बघून म्हणाली, "हे पिवळं काय लावलंस इथे?"

"मी आहे, आत्या."

"ते कळलं. बाराही महिने टिकणारं आहे का, ते विचारतेय."

मी म्हटलं, हुंकारकाकांना विचारावं लागेल. ती म्हणाली, "सरक, बसू दे." आता शेजारी बसलीये आणि विचारतेय, लिहितेस का? हो म्हटलं. मग नीट लिही, म्हणाली.

नीट लिहिते. अकराला वीस मिनिटं आहेत. रस्ता रिकामा आहे, दादाची गाडी अजून आलेली नाही. आत्या आली आहे.